बारा आकडे

महालिंगप्पांनी प्रिंटरच्या मागे हात घातला, वायर चाचपली आणि बोटभर बाहेर ओढली. पूर्ण नाही. पूर्ण ओढली तर ती खाली लोंबते आणि आल्यागेल्याच्या नजरेस पडते; बोटभर ओढली की जागेवरच असल्यासारखी दिसते, प्रिंटरचा हिरवा दिवाही चालू राहतो, आणि कॉम्प्युटर मात्र प्रिंटर सापडत नाही म्हणून ओरडायला लागतो. हा बारकावा काही एका दिवसात साधलेला नव्हता. त्यांनी हात पायजम्याला पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला पाच कमी होते.

मुरुम गावच्या बाजारपेठेत त्यांचा हा छापखाना चाळीस वर्षांपासून होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पुण्यस्मरणाची कार्डं. शेजारच्या गाळ्यात मकबूल बाइंडिंगचं काम करायचा. दोन गाळ्यांमधल्या पत्र्याला कागद इकडून तिकडे द्यायला हातभर झरोका कापलेला होता, आणि त्या झरोक्यात आता मकबूलचं अर्धं तोंड दिसत होतं.

"अप्पा, पाच वाजायला आले. काडली का वायर?"

"तू तुझी खळ लाव."

"हौ. म्या काय बी बघितलं न्हाय."

अप्पांनी त्याच्याकडे पाठ केली आणि फोन लावला. त्यांची मुलगी शिवप्रिया नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला होती. तिथे आता साडेबारा वाजले असतील, म्हणजे तिची जेवणाची सुट्टी. ती घरूनच काम करायची. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची दारं नीट लागली आहेत का, कोण कधी आत आलं, कोण बाहेर गेलं, यावर नजर ठेवायचं काम. अप्पा गावात सांगताना म्हणायचे, पोरगी कॉम्प्युटरची राखण करते. ऐकणाऱ्याला ती गेटवर काठी घेऊन उभी असल्यासारखं वाटे, पण अप्पांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

"बोला अप्पा. काय झालं?"

"प्रिंटर परत रुसलाय. उद्या सकाळी पत्रिका न्यायला येतेत लोकं."

"दिवा चालू आहे?"

"हिरवा हाय की. पण कॉम्प्युटर म्हणतंय, प्रिंटर दिसंना."

"बरं. पान उघडा, कोड काढा."

अप्पांनी चष्मा चढवला. तिने खूण करून ठेवलेलं इंटरनेटवरचं पान उघडलं, निळं बटण दाबलं. चार-चारच्या तीन गटांत बारा आकडे उमटले. हा कोड पाच मिनिटांत मरतो. तो तिला सांगायचा, तिने तो तिकडे टाकायचा, आणि मग तिला तिच्या पडद्यावर अप्पांचा अख्खा कॉम्प्युटर दिसायचा. तिने पहिल्याच दिवशी नियम घालून दिले होते: कोड फक्त मला सांगायचा, तोही मी स्वतः बोलत असेन तरच, आणि दुकानात माणसं असताना मोठ्याने वाचायचा नाही.

शेवटच्या नियमावर अप्पांनी आपला तोडगा काढला होता. ते कोड कानडीत वाचायचे. सीमेजवळच्या मुरुममध्ये कानडी न समजणारा माणूस शोधावाच लागतो, हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही ते तेच जाणोत. पण गौरम्मा, त्यांची बायको, कर्नाटकातल्या आळंदची. घरात बोलणं मराठीत, भांडण मराठीत, मोजणी मात्र कायम कानडीत चालायची. छापून झालेल्या पत्रिका ती मांडी घालून मोजत बसे आणि नऊ वर्षांची शिवप्रिया समोर बसून प्रत्येक आकडा तिच्या मागून म्हणे. एकाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, हा गौरम्माच्या माहेरच्या दुकानातला शिरस्ता. लाभ, एरडु, मूरु. हजार पत्रिका मोजल्या तरी एकीचा फरक पडत नसे.

"आरु, सोन्ने, लाभ, नाल्कु," अप्पांनी वाचायला सुरुवात केली.

पलीकडून नुसती बटणं वाजली. शिवप्रिया भराभर टाकायची. शेवटचा आकडा अप्पांच्या तोंडातून पडतो न पडतो, तोच पडद्यावर लहानशी चौकट आली: शिवप्रियाला हा संगणक पाहायचा आहे, दाखवायचा की नको? आकडा चुकला तर ही चौकट येतच नाही. पण शिवप्रियाचा आकडा आजवर कधी चुकला नव्हता. अप्पांनी 'दाखवा' दाबलं आणि पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता चालायला लागला.

हे पाहायला त्यांना फार आवडे. तो बाण म्हणजे शिवूचा हात होता. तो कुठे जातो, कुठे थांबतो, कुठे जरा अडखळतो, ते हनुवटीखाली मूठ धरून बघत बसत.

"जेवलीस का?"

"हो, झालं आत्ताच."

मागे टिंग असा आवाज झाला. अन्न गरम करायच्या पेटीचा. अप्पांनी तो ऐकला.

"बर्फ पडतो का तिकडं?"

"नाही, नुसता पाऊस. दिवसभर चिकचिक."

"इथं तूर आलीय बाजारात. धुरळा लई. मकबूल सकाळपासून शिंकतोय."

"अप्पा, सगळं नीट आहे इथं. मागची वायर बघा बरं."

अप्पांनी हात मागे घातला, जरा वेळ उगाच खुडबुड केली आणि वायर आत ढकलली. प्रिंटर घरघरला. एरवी यानंतर ती दोन-चार वाक्यं बोलायची, ते दोन-चार वाक्यं बोलायचे, आणि सात-आठ मिनिटांचा फोन संपायचा. आज ती थांबली.

"अप्पा, या महिन्यात चौथ्यांदा झालं हे. मागच्या वेळी अक्षरांचा टाइप गेला होता. त्याच्या आधी पानाचा आकार. तुम्हाला विसरायला होतं का हल्ली?"

दिवाळीला ती म्हणाली होती, आता बंद करा ना प्रेस, इकडे येऊन राहा. विसराळूपणाचा नुसता संशय आला तरी पुढचं बोलणं कुठे जाईल ते त्यांना ठाऊक होतं.

"न्हाय न्हाय. मशीन जुनं झालंय."

"मग मी एक करते. कायमची वाट करून ठेवते. त्याला एक पिन असतो, तो माझ्याकडं राहील. तुम्हाला कोडाचा ताप नको, चष्मा शोधायला नको. फोनसुद्धा करू नका. नुसतं 'बिघडलंय' एवढा मेसेज टाका, मी आत येऊन करून टाकते."

"मला कसला ताप? हाय ते बरं हाय की."

"तुमच्यासाठीच करतेय, अप्पा."

बाण पडद्यावर सरसर फिरला. पाच मिनिटांत कायमची वाट झाली. अप्पांनी फक्त दोनदा 'हो' दाबलं, आणि दोन्ही वेळेला त्यांना नाही म्हणायचं होतं.

*

गौरम्मा होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. ती तास-तासभर बोलायची. शेवटी म्हणायची, अप्पांना देते. अप्पा फोन घेऊन विचारायचे, बरी हायेस न्हवं? थंडी हाय का? पलीकडून उत्तर यायचं, बरी आहे, आहे थोडी. मग ते 'बरं' म्हणून फोन परत गौरम्माच्या हातात द्यायचे. मुलीवर त्यांचा जीव होता. तिला काय सांगावं ते मात्र त्यांना कधी सुचलं नव्हतं, आणि सुचायची गरज आहे असंही कधी वाटलं नव्हतं, कारण गौरम्मा होती.

ती गेली आणि फोन सरळ अप्पांच्या हातात आला. रविवारी शिवप्रिया करायची. जेवण, औषध, थंडी. तीन प्रश्न दीड मिनिटात संपत. मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत राहत आणि कोणीतरी एक जण 'बरं मग' म्हणे.

पहिल्या पुण्यस्मरणाचं कार्ड अप्पा स्वतः जुळवायला बसले होते. निम्मं झालं आणि एकाएकी सगळ्या अक्षरांचे रिकामे चौकोन झाले. अख्ख्या तालुक्याच्या पत्रिका छापलेला माणूस, आणि बायकोच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. त्यांना रडू कोसळलं. त्यांनी अवेळी फोन लावला. शिवप्रियाने ते पान उघडायला लावलं, पहिल्यांदा कोड वाचून घेतला, आणि आत आली. तिने काय काय उलटंसुलटं केलं ते त्यांना कळलं नाही, पण बघता बघता चौकोनांची अक्षरं झाली आणि गौरम्मा हे नाव जागेवर आलं.

तिने बाण त्या नावावर नेला. मग म्हणाली, "आईचं नाव थोडं मोठं करू का?"

"कर."

"वेलबुट्टी नको ना?"

"नको. तिला आवडायची न्हाय. म्हणायची, पत्रिका हाय का साडी हाय."

शिवप्रिया हसली. मग अप्पाही हसले. ते कार्ड करायला दोघांना चाळीस मिनिटं लागली, आणि त्या चाळीस मिनिटांत दोघं गौरम्माबद्दल जितकं बोलले तितकं तोवर वर्षभरात बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर अप्पांना एक गोष्ट कळली. मध्ये काहीतरी काम असलं की त्यांना बोलता येतं.

कॉम्प्युटर मात्र त्यानंतर अगदी गुणी झाला. महिना महिना काही म्हणजे काही बिघडेना. अप्पांनी वाट पाहिली, मग एके दिवशी स्वतःच कामाला लागले.

*

कायमची वाट झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी वायर ओढली आणि मेसेज टाकला. पाच मिनिटांत उत्तर आलं: मागची वायर बघा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पानाचा आकार बदलून ठेवला आणि मेसेज टाकून समोरच बसून राहिले. पाच वाजले, सव्वापाच झाले. चहावाल्याने हाक मारली म्हणून ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, तर तेवढ्यात पानाचा आकार सरळ झालेला आणि फोनवर दोन शब्द: झालं अप्पा.

तिसऱ्या आठवड्यात ते खुर्चीवरून हलले नाहीत. एका लग्नपत्रिकेचा टाइप त्यांनी बिघडवून ठेवला होता, नवरा-नवरीसकट सगळ्यांचे चौकोन करून. पाच वाजून दहा मिनिटांनी पडद्याच्या खाली पट्टी आली. त्यात शिवप्रियाचं नाव, आणि ती पाहते आहे एवढी ओळ. बाण हलला.

"शिवू," अप्पा पडद्याला म्हणाले.

"मला हाक मारली का, अप्पा?" झरोक्यातून मकबूलने विचारलं.

"न्हाय रे."

बाण मुकाट्याने आपलं काम करत होता. अप्पांनी कळफलक जवळ ओढला आणि पत्रिकेच्या तळाशी, 'आपले नम्र'च्याही खाली, टाइप केलं: जेवलीस का. टाइप तर त्यांनी स्वतःच बिघडवलेला होता. पडद्यावर उमटले ते चौकोन. चार, मग मोकळी जागा, मग एक.

बाण थांबला. अप्पांनी श्वास धरला. बाण हळूहळू खाली आला, चौकोनांच्या मागे गेला, ते सगळे निळे झाले, आणि पुसले गेले.

मग वरची अक्षरं एकेक करून ताळ्यावर आली. वधूचं नाव आलं, वराचं आलं, मामांची लांबलचक यादी आली. पट्टी गेली. फोनवर मेसेज आला: झालं अप्पा. कळफलकावर काही ठेवलं होतं का? जास्तीची अक्षरं उमटली होती, काढून टाकली.

अप्पांनी तो दोनदा वाचला. गौरम्मा गेली त्या आठवड्यातही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. आता पोरगी समोर येऊन गेली होती, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तिला ते दिसले नव्हते.

*

शनिवारी दुपारी मकबूल पावतीपुस्तकांचे गठ्ठे घेऊन आला आणि टेबलाच्या कडेवर बसला.

"अप्पा, एक बोलू? पोरीला सरळ सांगून टाका की. म्हणावं, बोलत जा जरा. त्यात काय?"

"काय सांगू? बाप हाय मी तिचा."

"म्हणूनच म्हणतो."

"तिला कामं असतेत. बाप कंटाळलाय म्हणून काय तिनं काम सोडून गप्पा मारत बसावं?"

मकबूल बोटाला चिकटलेली वाळली खळ खरवडत राहिला. "माझा साजिद पुण्याला हाय. ईदला बोलतो. माझ्याकडं तर बिघडवायला कॉम्प्युटर बी न्हाय."

दोघंही हसले नाहीत. मकबूल गेल्यावर अप्पांनी कॉम्प्युटरवरचं ते पान उघडलं. तिथे यादीत एकच नाव होतं, त्यांच्याच छापखान्याच्या कॉम्प्युटरचं, आणि शेजारी कचऱ्याच्या डब्याचं चित्र. त्यांनी ते दाबलं. पडद्याने विचारलं: हा संगणक काढून टाकायचा? यानंतर यावर दुरून येता येणार नाही. अप्पांनी 'हो' दाबलं. पडद्याने पुन्हा विचारलं: नक्की? अप्पांचा हात जरा वेळ तसाच राहिला. समोर घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. मग त्यांनी पुन्हा 'हो' दाबलं, आणि यादी रिकामी झाली.

आता फोन करायचा आणि म्हणायचं, तुझी वाट मोडली गं. इतकं सोपं होतं. पण फोन हातात घेतला आणि त्यांना एक आठवलं. शिवप्रियाचा धंदाच हा. कोण आलं, कोण गेलं, दार कोणी काढून नेलं, हे शोधायचा तिला पगार मिळतो. तिला कळलं तर? आणि नाही कळलं तर ती म्हणणार, अप्पांना काही कळेनासं झालंय. लबाड ठरावं की म्हातारं ठरावं, दोन्ही वाटा वाईटच. त्यांनी फोन खिशात टाकला. रविवारी तिचा फोन आला नाही. अप्पांनीही केला नाही.

सोमवारी पाच वाजता फोन वाजला. झरोक्यात मकबूलचं अर्धं तोंड लगेच आलं. अप्पांनी त्याला हातानेच मागे हो म्हटलं.

"अप्पा, मला एक मेल आलाय," शिवप्रिया म्हणाली. "आपला कॉम्प्युटर यादीतून काढला म्हणून. शनिवारी, तुमच्या चार बावीसला."

"व्हय का?"

"तुम्ही होता ना दुकानात?"

अप्पांनी टेबलावरच्या पत्रिकांचा गठ्ठा सारखा केला. तो सारखाच होता.

"लाईट गेली होती," ते म्हणाले. "गेली, आली, परत गेली. त्यात काय तरी झालं असंल."

लाईट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. तो दोनदा विचारलेल्या प्रश्नाला दोनदा 'हो' म्हणत नाही, हे अप्पांनाही कळत होतं. बोलून गेल्यावर कळलं, एवढंच. त्यांचे कान तापले. शाळेत मार खायची वेळ आली की असे तापायचे.

"अप्पा."

"हां."

"मागच्या आठवड्यात त्या पत्रिकेखाली काय लिहिलं होतं तुम्ही?"

अप्पांनी कळफलक बाजूला सारला. "कुठं काय? कळफलकावर पावतीपुस्तक पडलं असंल."

"हं," ती म्हणाली. "चार अक्षरं आणि एक. पुस्तक पडलं तर मध्ये जागा सुटत नाही." मग तिचा आवाज बदलला, जरा घाईचा झाला. "बरं, ते जाऊ दे. लाईटीनं होतं असं कधी कधी."

अप्पा खुर्चीत मागे टेकले. कधी नव्हे ते त्यांना पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि ती सात हजार किलोमीटरवर होती.

"मग आता परत लावायची का ती तुझी कायमची वाट?"

"नको. त्यापेक्षा कोड बरा. कोडाला समोर माणूस लागतो."

मागे टिंग असा आवाज झाला.

"तुझं जेवण व्हायचंय न्हवं?"

ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची ओढल्याचा आला.

"व्हायचंय," ती म्हणाली. "रोजच उशीर होतो. एकटीला घेऊन बसायचा कंटाळा येतो. तुम्ही कोड काढा."

"अगं, पण आज काय बिघडलेलं न्हाय."

"बघते तरी. काढा."

अप्पांनी चष्मा पुसला, पान उघडलं, निळं बटण दाबलं. बारा आकडे उमटले. झरोक्यात मकबूल नव्हता. पत्र्यापलीकडे त्याचा खळीचा ब्रश चालल्याचा आवाज येत होता. अप्पांनी वाचलं. ओंबत्तु, एरडु, एरडु, सोन्ने. ऐदु, एंटु, लाभ, आरु. मूरु, एळु, एळु, नाल्कु.

बटणं वाजली. लगेच पडद्यावर चौकट आली: शिवप्रियाला हा संगणक पाहायचा आहे, दाखवायचा की नको?

अप्पांचा हात 'दाखवा'कडे गेला.

"नाही लागला, अप्पा," शिवप्रिया म्हणाली. "काहीतरी चुकलं वाटतं. परत वाचता का?"

अप्पांनी चौकटीकडे पाहिलं. तिच्यात शिवप्रियाचं नाव ठळक अक्षरांत होतं. त्यांनी ते पुन्हा वाचलं. पलीकडे चमचा ताटाला लागला. त्यांनी बाण सरकवला, 'नको'वर आणला आणि दाबला. चौकट गेली.

"थांब," ते म्हणाले. "नवा काढतो."

"सावकाश काढा. मला घाई नाही."

"निवू देऊ नको. तू जेव, मी वाचतो."

निळं बटण पुन्हा दाबलं. नवे बारा आकडे आले. पहिलाच आकडा एक होता.

"लाभ," अप्पा म्हणाले.

या वेळी पलीकडे बटण वाजलं नाही.

"लाभ," त्यांच्या मागून शिवप्रिया म्हणाली, तोंडात घास असल्यासारखी. "पुढं?"